पहिल्या नंबरचा परवाना
(इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थिनीचा लेख)



यंदाच्या भित्तिपत्रकासाठी थोरांची चरित्रे लिहायची होती. टिळक, सावित्रीबाई, कर्मवीर ही नावे बाकीच्यांनी पटापट घेऊन टाकली. माझ्या वाट्याला बाईंनी जे. आर. डी. टाटांचे नाव दिले. का दिले, ते मला ठाऊक आहे. मला विमान चालवायचे आहे, ही गोष्ट आता सगळ्या वर्गाला माहीत झाली आहे.

आपल्या रामवाडीला एस.टी.चे काही नवल नाही. ती रोजचीच. पण ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तो विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. तेव्हापासून विमानाचा आवाज आला की मी हातातले काम टाकून अंगणात पळते. आजी म्हणते, पोरीचं डोकं फिरलंय.

माझे बाबा एस.टी.वर ड्रायव्हर आहेत. मी त्यांना माझा बेत सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, ते काम श्रीमंतांच्या पोरांचं. त्यात भर म्हणून शाळेतल्या डोळे तपासणीत मला चष्मा लागला. चष्मेवालीला विमान कोण देणार, असं सगळे चिडवू लागले. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. अशा वेळी बाईंनी टाटांचं चरित्र वाचायला दिलं. ते वाचून मला जे कळलं, ते इथे लिहिते.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात झाला. वडील रतनजी हे मुंबईच्या टाटा घराण्यातले, तर आई सुझान ही फ्रेंच होती. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर हार्डेलो या गावी राहायला जाई. शेजारीच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली खाडी विमानाने ओलांडणारे जगातले पहिले वैमानिक ते हेच. ते साल होते १९०९. ब्लेरिओंचे विमान किनाऱ्यावरच्या वाळूत उतरताना छोटा जहांगीर डोळे फाडून बघे. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली. त्या दिवशीच त्याने मनाशी ठरवले की आपण वैमानिक व्हायचे.

पण ठरवले आणि झाले, असे कुठे असते? पुढची कितीतरी वर्षे तशीच गेली. त्यांचे शिक्षण कधी फ्रान्स, कधी मुंबई, कधी जपान असे तुटक तुटक झाले. फ्रान्सच्या सैन्यात एक वर्ष नोकरी करावी लागली. त्यांना केंब्रिजला जाऊन शिकायचे होते, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतले. १९२५ साली ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि घरची जबाबदारी अंगावर पडली. कॉलेजात जायला मिळाले नाही याची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली. ते रात्र रात्र जागून पुस्तके वाचीत आणि स्वतःच शिकत.

मग मुंबईत विमान शिकवणारा क्लब निघाला. नाव घालणाऱ्यांत जे. आर. डी. अगदी पुढे होते. शिकवणाऱ्याबरोबर थोडे तास उडून झाल्यावर त्यांना एकट्याने विमान न्यायची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना हातात पडला. निळ्या-सोनेरी रंगाचा तो छोटासा परवाना. त्यावर नंबर होता १! भारतात दिला गेलेला वैमानिकाचा तो पहिला परवाना. तेव्हा त्यांचे वय होते अवघे चोवीस.

पुढच्या वर्षीची गोष्ट मला सगळ्यात आवडली. आगाखानांनी एक बक्षीस लावले होते. इंग्लंड ते भारत हा प्रवास जो भारतीय विमानातून एकट्याने सर्वांत आधी करील, त्याला पाचशे पौंड. इकडून तिकडे गेले तरी चालणार होते. १९३० च्या मे महिन्यात जे. आर. डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान अडून पडले होते, कारण त्याच्याजवळ स्पार्क प्लग नव्हता. जे. आर. डीं.जवळ जादा प्लग होता.

मी वाचता वाचता थांबले आणि विचार केला. माझ्याजवळ असता तर मी दिला असता का? शर्यत चालू आहे, समोरचा पोरगा आपला प्रतिस्पर्धी आहे. गप्प बसलं तर बक्षीस आपलंच. पण जे. आर. डीं.नी प्लग देऊन टाकला. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. पुढे तो हवाई दलात गेला. १९६० ते १९६४ या काळात हेच अस्पी इंजिनिअर आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते. हरलेल्या शर्यतीबद्दल जे. आर. डीं.नी कधी कुरकुर केली नाही.

त्यानंतर त्यांनी मोठे काम हाती घेतले. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाच्या साथीने त्यांनी टपाल वाहणारी विमानसेवा काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. स्वतः पुस मॉथ नावाचे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन कराचीहून उडाले. सोबत टपाल होते पंचवीस किलो. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचे होते. ते डबे कशातून आले असतील? बैलगाडीतून! दुपारी विमान मुंबईला जुहूच्या मैदानात उतरले. तिथून व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. विमानात रेडिओ नव्हता. खाली रस्ता दाखवणारी कसलीच यंत्रे नव्हती. नदी, डोंगर, रूळ बघत बघत जायचे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, मग विमाने पुण्याहून सोडावी लागत. आपल्याकडच्या पावसात ते कसे करीत असतील, याची कल्पना आपल्याला येईलच.

या टपालाच्या विमानातूनच पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ साली ही सेवा सरकारची झाली, तरी १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष जे. आर. डी.च होते. विमानातून जाताना ते चहा कसा आहे, पडदा मळका आहे का, हेही टिपून ठेवीत. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून, त्यांनी कराची ते मुंबई विमान पुन्हा चालवले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते! १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते वारले. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते बघायला ते नव्हते.

हे सगळं मी रात्री बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, टाटा श्रीमंत होते ते खरंच की. मी गप्प झाले, कारण ते खरंच होतं. क्लबात नाव घालायला पैसा लागतो. पण मग बाबाच पुढे बोलले. एकट्याने विमान खाली उतरवायची वेळ आली की खिशातला पैसा काय कामाचा? तिथे हातच शिकलेला पाहिजे. तेही एकदम एस.टी.वर बसले नव्हते. आधी अवजड गाडीचा परवाना, मग परीक्षा, मग जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून घाट शिकणे. कितीही मोठ्या घरचा असो, पायरी कोणाला चुकत नाही.

मग आम्ही दोघांनी बाईंकडून विमानाच्या पायऱ्या समजून घेतल्या. त्या अशा :

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेणे. सोळा वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ परवाना मिळतो. अठरा पूर्ण झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. त्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यातले निम्मे तास विमान आपल्या जबाबदारीवर न्यायचे असते. हवामान, दिशा शोधणे, विमानाचे नियम, इंजिनाची माहिती आणि रेडिओवर बोलणे यांच्या परीक्षा असतात. मग ज्या मोठ्या विमानावर काम करायचे, त्याचे वेगळे शिक्षण. ते जमिनीवरच्या नकली विमानात देतात. त्यानंतर उजव्या खुर्चीवर सहवैमानिक. डाव्या खुर्चीवर कॅप्टन बसतो. त्याच्या मोठ्या परवान्याला दीडहजार तास लागतात.

हे शिक्षण आपल्या राज्यात गोंदियाला आणि बारामतीला मिळते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. खर्च मात्र चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. हा आकडा ऐकून आई मटकन खालीच बसली. पण दुसरी वाटही आहे, ती अस्पी इंजिनिअर यांची. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत निवड झाली तर शिक्षणाला पैसे पडत नाहीत, आणि २०२२ पासून तिथे मुलींनाही घेतात. हवाई दलात डोळ्यांचे नियम कडक असतात, हे मी विसरलेले नाही. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला मात्र चष्मा चालतो. चष्मा लावून नीट दिसले पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत. हे कळले त्या दिवशी मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता चिडवा किती चिडवायचं ते!

वैमानिक आपला प्रत्येक तास एका वहीत लिहून ठेवतो. तिला लॉगबुक म्हणतात. बाबांनी मला त्यांच्याकडची एक कोरी डायरी दिली. मी होणार की नाही, याबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त डायरीच्या पहिल्या पानावर माझे नाव लिहिले. त्यात मी रोज गणिताचे तास मांडते. आजवर चौदा तास झाले. ते आकाशातले नाहीत, अपूर्णांकांचे आहेत. पण थेंबे थेंबे तळे साचे.

मित्रांनो, पहिल्या नंबरचा परवाना टाटांनी नेला, तो आता कोणालाच मिळायचा नाही. पण अडलेल्याला आपला प्लग काढून देणे आपल्याला आजही जमेल. परवा परीक्षेत माझ्या बाजूच्या मुलीचे पेन बंद पडले. माझ्याजवळ दोन होते. पुढचे सांगायला नकोच.