निकाहनाम्यातला हक्क सांगणारे असफ फैजी

असफ अली असगर फैजी यांचा जन्म १८९९चा, माथेरानमधला. घराणे सुलेमानी बोहरा. केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले, मुंबईत वकिली केली. १९३८ ते १९४७ ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

१९४९ मध्ये मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. निकाह हा करार आहे. त्यात पत्नीलाही अटी घालता येतात, ठरलेल्या कारणांसाठी तलाकचा अधिकार पतीकडून आधीच मागून घेता येतो, हे त्यांनी शास्त्राच्या आधाराने मांडले. हा हक्क बाहेरून आणायचा नव्हता, घरातच होता. तरी किती निकाहनाम्यांत अशी एकही अट नसते!

त्याच वर्षी ते भारताचे राजदूत म्हणून इजिप्तला गेले. फातिमी काळातला ‘दआइमुल इस्लाम’ हा अरबी कायदेग्रंथ त्यांनी संपादित केला. पहिला खंड १९५१ मध्ये कैरोत छापला गेला. मुंबईच्या एका बोहरा पंडिताचे हे काम थेट अरबी वाचकांपुढे गेले.

१९६३च्या पुस्तकात त्यांनी श्रद्धा आणि कायदा वेगळे केले. श्रद्धा कायम राहते, कायद्याने मात्र काळाबरोबर बदलावे, असे त्यांचे म्हणणे. परंपरावाद्यांना ते पटणारे नव्हतेच. फैजी १९८१ मध्ये वारले. त्यांनी दिलेली दुर्मीळ हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.