चुंबक, दोरी आणि एक दांडी: बर्ट्राम हॉपकिन्सन यांची गोष्ट

फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळतात. त्यातल्या एका फ्रेमच्या वेळात स्टीलमधली धक्क्याची लाट साधारण २० मीटर पळालेली असते. मग स्फोटाचा दाब मोजायचा कसा? तोही १९१४ साली?

ज्यांनी तो मोजला ते बर्ट्राम हॉपकिन्सन मुळात वकिलीकडे वळलेले. वडील जॉन नावाजलेले विद्युत अभियंते. १८९८ मध्ये आल्प्समध्ये चढाई करताना वडील, एक भाऊ आणि दोन बहिणी एकाच अपघातात गेले. बर्ट्राम यांनी वकिली सोडली आणि इंजिनिअरिंग धरलं. १९०३ मध्ये, २९व्या वर्षी, ते केंब्रिजला प्रोफेसर झाले.

आता त्यांची युक्ती. कॅरमच्या सोंगट्या एका रांगेत चिकटवून स्ट्रायकर मारला की शेवटची सुटते ना, तसंच काहीसं. स्टीलची लांब दांडी दोऱ्यांनी आडवी टांगायची. एका टोकावर गोळी झाडायची किंवा स्फोट करायचा. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा छोटा तुकडा चुंबकाने चिकटवलेला. दाबाची लाट तुकड्याच्या मोकळ्या टोकावरून ताण बनून परत फिरते. तो ताण सांध्याला पेलत नाही, तुकडा उडतो आणि लाटेचा एक भाग सोबत घेऊन जातो. तुकडा १० सेंटीमीटरचा असेल तर साधारण ४० मायक्रोसेकंदांचा! तो टांगलेल्या पेटीत पडायचा, आणि पेटी किती झुलली यावरून हिशोब. मग वेगळ्या लांबीचा तुकडा, पुन्हा स्फोट. सेन्सर एकही नाही. मला तर हे भन्नाटच वाटतं.

महायुद्धात ते विमानांच्या कामात शिरले, स्वतः विमान चालवायला शिकले. ऑगस्ट १९१८ मध्ये खराब हवेत लंडनकडे जाताना त्यांचं विमान कोसळलं. वय ४४.

मातीपर्यंत ते पोचलेच नाहीत. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांड्यांच्या मध्ये नमुना ठेवायची पद्धत मांडली, आणि पुढे त्या जागी वाळूही आली. वाळू बाजूने निसटते, म्हणून ती जाड स्टीलच्या नळीत भरतात. दांड्यांवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. किती लाट मागे फिरली आणि किती पलीकडे गेली, त्यावरून मातीचा स्वभाव कळतो. कोरड्या वाळूचे कण सरकतात, फुटतात, धक्का खातात. ओल्या वाळूत हवेची जागा संपली की दाब थेट पाण्यावर येतो, आणि मघाशी मऊ वाटणारी वाळू एकदम ताठ होते. भूसुरुंगापासून गाडी वाचवायची तर हा फरक आधी मोजावा लागतो.