महारोग्यांचे धन्वंतरी : कै. डॉ. भाऊ दाजी लाड

गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे महालात मांद्रे हे निसर्गरम्य गाव आहे. या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात १८२२ साली रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. पुढे डॉ. भाऊ दाजी या नावाने ते सर्वत्र विख्यात झाले. बुद्धिबळाच्या पटावरील त्यांचे बालवयातील चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांच्या पिताजींस मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह केला. त्यानुसार त्यांस मुंबईस आणण्यात आले. एल्फिन्स्टन संस्थेत अध्ययन करून ते तेथेच अध्यापक झाले. काठेवाड व कच्छ प्रांतांतील बालकन्याहत्येच्या क्रूर चालीवरील त्यांच्या निबंधास पारितोषिक लाभले.

१८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन झाले. अध्यापकाचे स्थिर पद सोडून भाऊंनी तेथे पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली आणि १८५१ साली ते वैद्यकाचे पदवीधर झाले. व्यवसायात त्यांनी अल्पावधीत विपुल धन मिळविले. तथापि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविण्यातच त्यांस खरी धन्यता वाटे. पाश्चात्त्य वैद्यकात पारंगत असूनही संस्कृत वैद्यकग्रंथ त्यांनी अव्हेरले नाहीत. त्यांतील औषधींचे गुण ते स्वतः पारखून घेत.

या साधनेचा परमोच्च बिंदू म्हणजे महारोगावरील त्यांचे उपचार होत. त्या काळी महारोग्यास घराचे व देवळाचे दार बंद होई. पूर्वजन्मीचे पाप म्हणून समाज त्याच्याकडे पाठ फिरवी. सह्याद्रीच्या अरण्यात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल भाऊंनी अशा रुग्णांवर योजिले. रोगी हा शापित नसून उपचारास पात्र असलेला माणूस आहे, हेच त्यांच्या कृतीने दाखवून दिले. औषधाने व्रण कदाचित सुकेल, पण वैद्याने निःशंक जवळ बसून नाडी पाहिली म्हणजे खचलेले मनही उभारी धरते.

मनाच्या आरोग्याचे औषध विद्या, अशी त्यांची धारणा होती. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रविषयक सभेचे ते पहिले भारतीय अध्यक्ष होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला, आणि त्यांच्या नावे कन्याशाळाही निघाली. श्रद्धेच्या क्षेत्रातही व्याधी लपवू नये, हे त्यांचे ब्रीद १८६२ सालच्या महाराज लायबल खटल्यात कसास लागले. धर्मगुरूंच्या अनाचाराविषयीच्या त्या खटल्यात, प्रतिष्ठित भक्तवर्गाचा रोष ओढवण्याचा धोका असताही, त्यांनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. सत्यकथनाने धर्म दुबळा होत नाही, तो निर्मळ होतो, हाच त्या साक्षीचा मथितार्थ होय.

१८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे देहावसान झाले. महारोगाचे जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी त्याच्या आदल्याच वर्षी शोधून काढले होते. पुढे नव्या औषधांनी त्या तेलाची जागा घेतली आणि हा रोग पूर्णतः बरा होऊ लागला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ साली भाऊंचे नाव देण्यात आले. परंतु त्यांचे खरे स्मारक दगडाचे नव्हे. ज्याला कोणी जवळ करीत नाही, असा व्याधिग्रस्त जीव देवाच्या दारी येतो, तेव्हा त्याला पायरीवरून परत न धाडता आत घेणारी दृष्टी, हेच या मांद्रेच्या सुपुत्राचे चिरंतन स्मारक होय.