डॉ. हेन्री फॉल्ड्स

शिसपेन्सिलीची पूड बोटास लावून कागदावर ठसा उमटविला, म्हणजे ज्या बारीक रेषा दिसतात, त्यांचें मोल ओळखणाऱ्या डॉक्टरांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

फॉल्ड्स यांचा जन्म १८४३ सालीं स्कॉटलंडांत झाला. मिशनरी डॉक्टर म्हणून जपानांत जाऊन त्यांनीं टोकियो येथें रुग्णालय काढिलें. प्राचीन मडक्यांवर कुंभारांच्या बोटांचे ठसे पाहून त्यांचें कुतूहल जागृत झालें. बोटांवरील रेषा खरवडून काढिल्या, तरी त्या पुनः तशाच उमटतात, असें त्यांस आढळलें. चोरीचा आळ आलेला एक मनुष्य ठशांमुळें निर्दोष ठरला. १८८० सालीं त्यांनीं हे विचार ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध केले. १९०१ मध्यें लंडनच्या पोलिसांनीं ठशांची पद्धत स्वीकारली. श्रेय मात्र बहुतांशीं इतरांस मिळालें. १९३० सालीं फॉल्ड्स निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बोटाचा ठसा पाहतांना त्यांचें स्मरण ठेवा, एवढेंच आमचें मागणें.