चटणी खवट का होते आणि तैलचित्र शेकडो वर्षं का टिकतं? चरबीचं कोडं सोडवणाऱ्या 102 वर्षांच्या शेव्रल यांची गोष्ट

जवसाची चटणी डब्यात जास्त दिवस राहिली की खवट होते आणि आपण नाक मुरडून ती टाकून देतो. गंमत म्हणजे याच जवसाच्या तेलात रंग कालवून युरोपातल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं टिकलेली चित्रं काढली. चटणी बिघडवणारी आणि चित्र टिकवणारी क्रिया एकाच जागी सुरू होते, तेल आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या भेटीत. पण ती समजायला आधी तेल कशाचं बनलंय हे कळायला हवं होतं. ते शोधलं मिशेल युजेन शेव्रल यांनी.

शेव्रल यांचा जन्म 31 ऑगस्ट 1786 चा, फ्रान्समधल्या अँजे शहरातला. वडील डॉक्टर. मुलगा तीन वर्षांचा व्हायच्या आतच फ्रेंच राज्यक्रांती पेटली. 1803 मध्ये, सतराव्या वर्षी, ते पॅरिसला गेले आणि वोक्लँ या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

1811 मध्ये त्यांच्या हातात डुकराच्या चरबीपासून बनवलेला साबण आला. तोवर समज असा होता की चरबी आणि क्षार जसेच्या तसे एकत्र आले की साबण होतो. शेव्रल यांनी साबणावर आम्लाची प्रक्रिया केली आणि मोत्यासारखे चमकणारे स्फटिक मिळाले. पुढे बारा वर्षं ते याच कामाला चिकटून राहिले. निष्कर्ष साधा पण मोठा होता. साबण होताना चरबी फुटते, एका बाजूला ग्लिसरीन निघतं आणि दुसऱ्या बाजूला मेदाम्लं. स्टिअरिक, ओलेइक, लोण्यातलं ब्युटिरिक, अशी एकेक आम्लं त्यांनी वेगळी केली. 1823 मध्ये हे सगळं पुस्तकरूपात आलं.

पदार्थ शुद्ध झाला हे ओळखायचं कसं? शेव्रल तो पुन्हा पुन्हा स्फटिकरूपात आणायचे आणि तो किती तापमानाला वितळतो ते पाहायचे. आकडा बदलायचा थांबला की पदार्थ शुद्ध. ही कसोटी आजही वापरात आहे.

1824 मध्ये ते पॅरिसच्या गोब्लाँ या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा का दिसतो, यावरचं त्यांचं 1839 चं पुस्तक चित्रकारांनीही वाचलं.

मग 1850 च्या दशकात त्यांनी तैलरंगाकडे मोर्चा वळवला. पाणी वाळतं ते उडून जाऊन. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन शोषून वाळतं, त्यामुळे सुरुवातीला त्याचं वजन वाढतं! कोणत्या पृष्ठभागावर ते लवकर वाळतं आणि कोणत्या रंगद्रव्यासोबत उशिरा, हे त्यांनी प्रयोग करून तपासलं.

यामागचं कारण विसाव्या शतकात स्पष्ट झालं. असंतृप्त मेदाम्लांच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. त्यांच्या शेजारी ऑक्सिजन शिरतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. त्यांना वास नसतो. जवसाच्या तेलात दुहेरी बंध भरपूर, त्यामुळे पातळ थरात साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि घट्ट पापुद्रा बनतो. तेच चित्र टिकवतं. दुसरीकडे हायड्रोपेरॉक्साइड तुटून अल्डिहाइडसारखे छोटे रेणूही सुटतात. खवट वास त्यांचाच.

म्हणून आज तेल तपासताना एकाच चाचणीवर भागत नाही. पेरॉक्साइड मोजायला तेलात पोटॅशियम आयोडाइड घालतात आणि किती आयोडीन सुटलं ते पाहतात. पण फार जुन्या तेलात पेरॉक्साइड तुटून गेलेले असतात, त्यामुळे आकडा कमी येतो आणि खराब तेल चांगलं वाटू शकतं. अल्डिहाइड वेगळे मोजावेच लागतात. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी कामी येते.

शेव्रल यांचीही एक चूक झाली होती. मोत्यासारख्या त्या स्फटिकांना त्यांनी मोत्याच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं होतं आणि त्यातल्या आम्लाला मार्गारिक आम्ल म्हटलं होतं. ते एक आम्ल नसून पामिटिक आणि स्टिअरिक यांचं मिश्रण होतं, हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झालं. नाव मात्र टिकलं. 1869 मध्ये लोण्याला पर्याय म्हणून आलेलं मार्गारिन त्याच नावावरून ओळखलं जातं.

नव्वदी ओलांडल्यावरही ते पॅरिसच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाचे संचालक होते. 1886 मध्ये त्यांची शंभरी थाटात साजरी झाली. 31 मार्च 1889 ला आयफेल टॉवरचं उद्घाटन झालं आणि 9 एप्रिलला, 102 व्या वर्षी, शेव्रल गेले. टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्यांचंही नाव आहे.