बेलचा दुसरा फोन: तार नाही, फक्त ऊन!

टेलिफोनवाला बेल सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्याचा दुसरा शोध जास्त आवडतो, कारण तुमच्या घरातल्या फायबर इंटरनेटची कल्पना त्यात दिसते.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल 1847 मध्ये एडिनबर्गला जन्मला. आईला कमी ऐकू यायचं, बायको मेबल लहानपणीच बहिरी झालेली. तो स्वतः कर्णबधिर मुलांना शिकवायचा. 1876 ला टेलिफोनचं पेटंट मिळालं, नाव झालं.

1880 मध्ये त्याने तारच काढून टाकली. वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून सहकारी टेंटर बोलला. आवाजाने पातळ आरसा थरथरला, त्यावरून वळवलेलं ऊन 213 मीटरवर बेलच्या खिडकीत पोचलं आणि सेलेनियमच्या मदतीने त्याचा पुन्हा आवाज झाला. हा फोटोफोन. बेल इतका खूश, की नुकत्याच झालेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायला निघाला! मेबलने अडवलं, बरं केलं.

पण ढग आला की बोलणं बंद. आमच्या बुलढाण्याला पावसाळ्यात घाटावर धुकं उतरतं, तेव्हा हा फोन नुसता शोभेला राहिला असता. शिवाय भिंत, जिना, कोपरा उजेडाला ओलांडता येत नाही. तरी 1922 ला मरेपर्यंत बेल फोटोफोनलाच टेलिफोनपेक्षा मोठा मानत राहिला.

उजेडाला लांबवर नेणारी काच कॉर्निंग कंपनीने 1970 ला बनवली. केसाएवढ्या तंतूत प्रकाश कडेला आपटून आतच परततो, म्हणून तो जिन्याला वळसा घालून तिसऱ्या मजल्यावर येतो. घरी फायबर टाकताना एवढंच बघा: वळण ऐसपैस हवं. केबल काटकोनात दुमडली तर उजेड बाहेर गळतो.