तिकिटाच्या पैशांवर वाचलेली बाळं

मागच्या वर्षी माझी भाची आठव्या महिन्यातच जन्मली. वजन जेमतेम दीड किलो. बाळाला पेटीत ठेवलंय, असा ताईचा मेसेज आला. मग 19 दिवस भाऊजी रोज संध्याकाळी बिलाचा फोटो पाठवायचे आणि आम्ही घरचे यूपीआयने पैसे जमवायचो. त्या जागरणात मी मोबाईलवर एकच शोधत बसलो होतो: ही पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, आली कुठून? आणि सुरुवातीला तिचा खर्च कोण करायचं? उत्तर सापडलं चक्क एका जत्रेत.

कल्पना पॅरिसची. 1880 च्या सुमारास डॉक्टर तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहून बाळांसाठी तसंच करून घेतलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात चरबी नसते, त्यामुळे ते स्वतःला गरम ठेवूच शकत नाही. पुढे लिऑन नावाच्या माणसाने त्याला थर्मोस्टॅट बसवला. गरम पाण्याची नळी गादीखालून फिरायची, बाहेरची ताजी हवा वेगळ्या नळीने यायची आणि तापमान आपोआप सांभाळलं जायचं.

म्हणजे मशीन तयार होतं. पण ते महाग, आणि दिवसरात्र लागणाऱ्या नर्सेस तर त्याहून महाग. अमेरिकेतली बहुतेक हॉस्पिटलं या भानगडीत पडायलाच तयार नव्हती.

इथे आला मार्टिन कूनी. जन्म 1869, आज पोलंडमध्ये असलेल्या क्रोटोशिन गावात. तो स्वतःला डॉक्टर म्हणवायचा, पण पदवीचा पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही. हे मला आधी खटकलंच. 1903 पासून त्याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, पाळणे आणि खेळांच्या गर्दीत, पेट्यांमधली खरीखुरी बाळं दाखवायला ठेवली. तिकीट 25 सेंट. आईवडिलांकडून मात्र एक पैसाही नाही.

एका बाळाचा दिवसाचा खर्च साधारण 15 डॉलर सांगतात. हिशोब करा: एका बाळासाठी रोज 60 तिकिटं! बाळ किती चिमुकलं आहे हे दाखवायला नर्स आपली अंगठी त्याच्या मनगटावर चढवायची. गर्दी थक्क. आतली शिस्त मात्र कडक होती. दूध पाजणाऱ्या बाया बाहेरचं चटरमटर खाताना सापडल्या तर थेट घरी. 1911 मध्ये शेजारी भीषण आग लागली, तेव्हाही सगळी बाळं सुखरूप बाहेर काढली.

बाळांचा तमाशा मांडलाय म्हणून त्याच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण घरी नेलं असतं तर त्यातली बरीच बाळं जगलीच नसती. 1907 मध्ये त्याची स्वतःची मुलगी हिल्डगार्डही अपुऱ्या दिवसांची जन्मली. मोठी होऊन ती नर्स झाली आणि त्याच्याच सोबत काम करू लागली. त्याच्या सांगण्याप्रमाणे जवळपास 8,000 बाळांपैकी 6,500 वाचली.

1943 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलने अशा बाळांसाठी खास वॉर्ड उघडला, आणि कूनीने कोनी आयलंडवरचा खेळ बंद केला. 1 मार्च 1950 ला तो गेला.

भाची आता भिंत धरून चालते. भाऊजींनी तेव्हा काढलेल्या कर्जाचे अजून सात हप्ते बाकी आहेत.